सातवा रकाना

मंगळवार, १३ मार्च २००१. रक्कम: नऊ हजार नऊशे कतारी रियाल. हजर: कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर, कंपनीच्या दवाखान्यातल्या मुख्य नर्स, माझी पत्नी आणि मी. आमचा मुलगा हजर नव्हता. त्याला शेजारच्या मल्याळी बाईंकडे दीड तासासाठी ठेवला होता. नखं लागू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही हातांत मोजे घातले होते. बाईंनी स्वतःच्या मुलींना आधीच बहिणीकडे पाठवून दिलं होतं. त्याचं वाईट वाटून घेण्याइतकं आमच्यात काही उरलं नव्हतं.

नऊ हजार नऊशे म्हणजे दरमहा नऊशेप्रमाणे अकरा महिने, एप्रिल २००० ते फेब्रुवारी २००१. रियालला तेव्हा पावणेतेरा रुपये पडत. सव्वा लाखाच्या वर जाणारी ही रक्कम मी माझ्यासाठी मागत नव्हतो, असं अर्जात लिहिलं होतं. अर्जातलं हे वाक्य खरं होतं. बाकीचं किती खरं होतं ते त्या खोलीत ठरलं.

मी एका कंत्राटी कंपनीत स्टोअरचा हिशेब पाहत असे. पाइप, व्हॉल्व, बोल्ट, गॅस्केट. किती आले, किती गेले, किती उरले. आम्ही मूळचे नाशिकचे. राहायला दोहातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, वजन बावन्न किलो. त्याला बोलता येत नव्हतं. जेवण भरवावं लागे, संडासला न्यावं लागे. आणि तो मारत असे.

हे सौम्य शब्दांत सांगण्याची मला सवय लागली होती. ‘थोडा ॲग्रेसिव्ह होतो’ असं मी ऑफिसात म्हणायचो. खरं म्हणजे तो डोकं खाली घालून अंगावर येई आणि छातीत आपटे. चावला की सोडत नसे. नाक दाबलं की श्वासासाठी तोंड उघडे, तेवढाच उपाय. बायकोच्या दोन्ही दंडांवर दातांच्या गोल खुणा होत्या, जुन्या पिवळ्या आणि नव्या जांभळ्या. एकदा त्याने कुकरचं झाकण फेकलं ते माझ्या कानशिलाला लागलं. ऑफिसात मी बाथरूममध्ये पडलो असं सांगितलं. तो कशाने बिथरे हे आम्हाला थोडंफार कळलं होतं. चालू असलेली गोष्ट बंद पडली की. एसी थांबला, पंखा थांबला, गाडी थांबली. त्याला सगळं अखंड चालू हवं असे.

कंपनीचा एक नियम होता. कर्मचाऱ्याचं मूल अपंग असेल आणि दहा वर्षांच्या पुढे असेल, तर सांभाळणाऱ्या बाईसाठी महिना नऊशे रियालपर्यंत भत्ता, बाईच्या सहीच्या पावतीवर. त्यावर आम्ही श्रीलंकेची एक बाई ठेवली. चांगली होती. गाणी म्हणायची. पाचव्या महिन्यात त्याने तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट दाढेत धरलं. मी घरी पोहोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि बायको फरशीवरून नख शोधत होती. बाईने त्याच दिवशी बॅग भरली. दुसरी केरळची, ती नऊ दिवस टिकली. एप्रिलपासून सगळं बायकोच करत होती. ती नाशिकला शाळेत गणित शिकवत असे. इथेही एका शाळेत तिचं जवळजवळ ठरलं होतं. ते तिने सोडलं.

मग मी पावतीवर तिचं नाव टाकलं. सांभाळणारी: पत्नी. सोबत तिच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची झेरॉक्स. आठ दिवसांत कागद परत आला. परमिटवरच्या एका ओळीभोवती लाल पेनाने गोल काढला होता. नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर आलेल्या बायकांच्या परमिटवर ती ओळ असते: काम करण्यास परवानगी नाही.

मी तो कागद घरी दाखवला. ती मुलाची चड्डी धूत होती. हात न पुसताच तिने वाचला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “उद्यापासून बंद करते. कायदा मोडायला नको.”

मी दुसरा अर्ज केला, मग तिसरा. तिसऱ्याला उत्तर आलं की हे काम आईच्या नेहमीच्या कर्तव्याहून वेगळं आहे, हे दाखवा. दाखवा म्हटल्यावर मला एकच गोष्ट येत होती. मी मागल्या तारखांपासून आठवून, दवाखान्याची कार्डं जुळवून, रजिस्टर सुरू केलं. नियम एवढाच की रक्त आलं किंवा औषध लावावं लागलं तरच नोंद. सहा रकाने: तारीख, वेळ, किती मिनिटं चाललं, कोणाला लागलं, कुठे लागलं, काय उपचार केला. त्यानंतर मी कुठेही असलो तरी रजिस्टर जवळ असे. तो तिच्यावर तुटून पडला की मी आधी घड्याळ पाहायचो. मिनिटं चुकू नयेत म्हणून. मग धावायचो.

“रजिस्टर भरायला तुमचे हात मोकळे असतात,” ती एकदा म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. मी तेही लिहिलं. म्हणजे रक्त, वाक्य नाही.

आता १९ जानेवारीचं सांगायला हवं. शुक्रवार होता.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही त्याला गाडीतून दुखानच्या रस्त्याला न्यायचो. शहरात पावलोपावली राउंडअबाउट, तिथे गाडी थांबते आणि तो पेटतो. दुखानचा रस्ता सरळ. पश्चिमेला ऐंशी किलोमीटर न थांबता जायचं आणि तसंच परत. तेवढे दोन तास तो खिडकीला कपाळ लावून गुणगुणल्यासारखा आवाज करत बसे. बायको मागे त्याच्याशेजारी, त्याची मनगटं धरून. ते दोन तास आठवड्यातले सगळ्यात चांगले असत. कधीकधी ती झोपायचीसुद्धा.

त्या दिवशी परतताना त्याने तिच्या दंडाचा चिमटा घेतला. रक्त आलं. मी आरशात पाहिलं. नोंद होणार होती. रजिस्टर समोरच्या कप्प्यात होतं.

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“अहो, थांबवू नका,” ती म्हणाली. “चालवत राहा, चालवत राहा.”

“एक मिनिट. वेळ लिहितो.”

मी दहा एकोणचाळीस असं लिहिलं आणि मागे काच फुटल्यासारखा आवाज झाला. काच नव्हती. तिचं डोकं होतं. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तिचं डोकं खिडकीवर आपटत होता, न थांबता, ठेका धरल्यासारखं. ती ओरडत नव्हती. तिने एक हात स्वतःच्या कपाळापुढे धरला होता.

मी उतरलो, मागचं दार उघडलं, त्याची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. त्याने माझ्या हाताचा लचका तोडला. मग मी कमरेचा पट्टा काढला. पट्टा दुहेरी करून धरतात हे मला माहीत होतं. मी टोकाला धरला, बक्कल मोकळी. पहिला खांद्यावर. दुसरा आणि तिसरा पाठीवर. चौथ्याला त्याने वेणी सोडली. तिथे थांबायला हवं होतं. पाचवा मांडीवर, सहावा पुन्हा पाठीवर. त्याचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. रडणं नव्हतं ते, बारीक, सलग, शिट्टीसारखं. सातव्याला ती त्याच्यावर पालथी पडली आणि तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. बक्कल तिच्या डाव्या डोळ्याच्या इंचभर खाली लागली.

आठवा मारायला हात वर गेला होता, तो कोणीतरी मागून धरला. एक म्हातारा कतारी गृहस्थ होता, पांढऱ्या झग्यात. त्याची पिकअप आमच्या मागे उभी होती, इंजिन चालूच. त्याची पकड माझ्यापेक्षा घट्ट होती.

“खलास,” तो म्हणाला, म्हणजे पुरे. “खलास. बच्चा है.”

त्याने पिकअपमधून टिश्यूचा अख्खा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. सगळं बायकोच्या हातात दिलं. आम्ही निघेपर्यंत तो आमच्या गाडीला टेकून उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

दवाखान्यात मुख्य नर्सच ड्युटीवर होत्या. वसईच्या ख्रिश्चन, पन्नाशीच्या, आमच्याशी मराठीत बोलायच्या. त्यांनी विचारलं, “काय गं बाय, काय लागलं?” बायको म्हणाली, “मुलाने.” तीन टाके पडले. नर्सबाईंनी जखमेकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कार्डावर ‘घरी दुखापत’ एवढंच लिहिलं.

मी रजिस्टरात चिमट्याच्या नोंदीखाली पुढची नोंद केली. क्रमांक ५८: १९ जानेवारी, १०.४०, सहा मिनिटं, पत्नी, डाव्या डोळ्याखाली, तीन टाके. एकही आकडा खोटा नव्हता. कोणी मारलं असा रकाना मी आखलेलाच नव्हता.

म्हणजे १३ मार्चला माझ्यापुढे त्रेसष्ट नोंदी होत्या आणि त्यातली सगळ्यात वजनदार ५८वी होती.

मॅनेजर सुदानी होते. शांत, जाडजूड गृहस्थ. त्यांनी आधी चहा मागवला. बायकोला ‘सिस्टर’ म्हणाले. नर्सबाईंनी खुर्ची सरकवून दिली, “बस गं बाय, पंख्याखाली बस.” बोलणं इंग्रजीत झालं, अधूनमधून हिंदीत.

“तुझ्या आईने तुला वाढवलं,” मॅनेजर मला म्हणाले. “तिने कोणाला बिल पाठवलं होतं?”

“माझ्या आईला मी चावत नव्हतो, सर.”

नर्सबाईंनी हसू दाबलं. मॅनेजरही हसले आणि परमिट पुढे सरकवलं. “आणि हे? काम करायला मनाई आहे.”

मी तयारी करून आलो होतो. श्रीलंकेच्या बाईला कंपनीने पाच महिन्यांत साडेचार हजार दिले. नियमात ‘बाई’ असं आहे, ‘परकी बाई’ असं नाही. पगार मागत नाही, खर्चाची भरपाई मागतो. आणि मग रजिस्टर ठेवलं. मॅनेजर पानं उलटत गेले. एकेका पानावर थांबत होते. ५८वर त्यांनी बोट ठेवलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खूण तेव्हा ताजी होती, गुलाबी.

“सिस्टर, हे?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. “माय सन,” ती म्हणाली.

मला हलकं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. मला वाटलं, झालं, पास.

मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की हे त्यांना माहीत नव्हतं. इंचभर वर लागलं असतं तर डोळा गेला असता. उद्या शेजाऱ्याचं मूल असेल. व्हिसा कंपनीच्या जबाबदारीवर आहेत. अशा मुलाची जागा संस्थेत आहे, आणि तशी संस्था इथे नाही. कंपनी त्याचं भारताचं एकेरी तिकीट देईल, वर दोन हजार रियाल. “हे तुमच्याच भल्याचं आहे, सिस्टर. तुम्ही इथे राहाल, नवऱ्याजवळ. मूल तिथे नीट राहील.” आणि ते कोऱ्या कागदावर लिहू लागले. तिकीट एक. त्यापुढे दोन हजार.

नाशिकला असताना आम्ही तशी एक जागा पाहिली होती. मुलांच्या कमरेला कापडी पट्टा बांधून पट्टा खिडकीच्या गजाला बांधलेला. बायको तिथून बाहेर आली ती थेट रिक्षात जाऊन बसली.

त्यांचं पेन चालत होतं. मला बोलायला हवं होतं आणि मी मनात हिशेब करत होतो. बोललो तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर तिघांचा व्हिसा जाईल. म्हणजे मुलगा तसाही भारतात. हा हिशेब बरोबर होता, पण तो गप्प राहण्यासाठीच केलेला होता.

“तुम्ही सांगता की मी सांगू?” बायको मराठीत म्हणाली. आवाज चढवला नाही.

मॅनेजरांनी मान वर केली. “काय म्हणाल्या त्या?”

त्यांनी नर्सबाईंना विचारलं होतं. नर्सबाई कार्डाकडे पाहत होत्या. “सर, ते हजबंडनाच विचारा,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, “दाताची न् नखाची खूण अशी सरळ येत नाय हो. मी शिवली तेव्हाच कळलं मला.”

मी सांगितलं. इंग्रजीत, उभं राहून, का उभा राहिलो माहीत नाही. सहा मुलाला, सातवा हिला. मुलाने वेणी आधीच सोडली होती. गाडी मी थांबवली होती, लिहिण्यासाठी.

“कशाने?”

“बेल्टने.”

“कोणत्या?”

मी खाली पाहिलं. तोच होता. माझ्याकडे एकच पट्टा होता. त्यांनी हात पुढे केला. मी काढून टेबलावर ठेवला. बक्कल काचेवर वाजली आणि बायकोने मान झटक्यात मागे घेतली, डोळे मिटून. ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

“याआधी मारलंय त्याने?” मॅनेजरांनी तिला विचारलं.

“मला नाही. मुलाला, दोनदा.”

माझ्या लक्षात एकदाच होतं. मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “दोनदा. दिवाळीच्या आधी चपलेने, आणि डिसेंबरात कानफटीत. नंतर दोन दिवस तो त्या कानाला हात लावू देत नव्हता.”

“रजिस्टरात आहे?”

नव्हतं. त्रेसष्ट नोंदींत ‘कोणाला लागलं’ या रकान्यात पत्नी होती, मी होतो. मुलगा एकदाही नव्हता. दुखानच्या रस्त्यावर त्याच्या पाठीवर उठलेले वळ मी स्वतः हळद लावून बसवले होते, आणि माझ्याच नियमाप्रमाणे औषध लावलं तर नोंद व्हायला हवी होती.

मॅनेजर म्हणाले, पोलिसांना कळवणं हे त्यांचं काम आहे. बायको म्हणाली, “नो सर.” तिने विनवणी केली नाही. तिने विचारलं की पोलीस आले तर शुक्रवारी मुलाला गाडीतून कोण नेईल. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग लिहिलेला कागद उचलून दोनदा फाडला.

“तू शिकलेला माणूस आहेस,” मला म्हणाले. “गॅस्केट मोजतोस. हे पुस्तक घरी ने आणि पुरं करून आण.”

त्या संध्याकाळी मी पट्टीने सातवा रकाना आखला. कोणी. जागा नव्हती, समासात आखला. बायको शेजारी बसली आणि एकेक नोंद सांगत गेली. मुलगा, मुलगा, मुलगा. ५८ला तिने बोट ठेवलं आणि मी लिहीपर्यंत काढलं नाही. मुलाचे तीन प्रसंग नव्याने जोडले. एकूण सहासष्ट. मुलगा पंख्याखाली बसून हातातला मोजा चघळत होता. पंखा चालू होता म्हणून शांत होता.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली, तीन अटींवर. पैसे खर्चाची भरपाई म्हणून, पगार म्हणून नाहीत. चेक पत्नीच्या नावाने, माझ्या हातात नाही. आणि दर महिन्याला पत्नीने मुलाला घेऊन दवाखान्यात यायचं. नर्सबाई दोघांची अंगं पाहतील, मग पावतीवर सही होईल. तिच्या नावाने खातं उघडायला बँकेने नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं. ते मी लिहून दिलं. माझी हरकत नाही असं त्यात दोनदा लिहायचं होतं.

चेक घेऊन आलो त्या दिवशी तिने स्वयंपाकघरात भागाकार केला. नऊशे भागिले तीस.

“दिवसाचे तीस पडतात,” ती म्हणाली. “आता शुक्रवार तुमचा. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. मी सूक वाकिफच्या बाजारात जाईन, नाहीतर झोपेन, ते माझं मी बघीन. त्या दिवसाचे तीस तुम्हाला देईन.”

“अगं, मला कशाला?”

“काम आहे म्हणून. तुम्हीच तर तीन अर्जांत लिहिलंय हे.” मग भांडी पुसता पुसता, “हात उचललात तर त्या दिवसाचे नाहीत. आणि खोटं सांगू नका. मी त्याचं अंग पाहीन.”

पहिल्या शुक्रवारी तो अकरा वाजता माझ्या दंडाला चावला. मी मारलं नाही. पण त्याचं मनगट असं पिरगळलं की माझी चार बोटं त्याच्यावर उमटली. ती सात वाजता आली, त्याची बाही वर केली, आणि मी काही बोलायच्या आत खाली केली. पुढच्या शुक्रवारी त्याने मला तीन वेळा मारलं, एकदा कपाळाने नाकावर. शर्ट रक्ताने भरला. चावला तेव्हा मी त्याचं नाक दाबलं, दात सुटताच सोडलं, दोन्ही हात पाठीमागे घेऊन दाराशी उभा राहिलो आणि तो थकेपर्यंत तसाच राहिलो. सतरा मिनिटं. घड्याळ नंतर पाहिलं.

शेवटी दिले गेले ते असे. ४ एप्रिल २००१, नऊ हजार नऊशे रियाल, माझ्या पत्नीला, चेकने. ६ एप्रिलच्या शुक्रवारचे कोणाला काही नाही. १३ एप्रिलच्या शुक्रवारचे तीस रियाल, रोख, पावतीवर सही घेऊन, मला.